पाण्याचा पेला

मफलर आत्याच्या वडिलांचा, आबांचा होता. आबा जाऊन एकोणीस वर्षं झाली तरी त्याला त्यांच्या पाइपच्या तंबाखूचा वास येतो, असं सगळं घर म्हणत असे. आत्याने तो डोळ्यांवर बांधून घेतला, दरवर्षीसारखा दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "आले बाई आबा."

सगळे हसले. तिला मात्र कसलाही वास आला नव्हता.

चार महिन्यांपूर्वीच्या तापाने तिचा वासही नेला आणि चवही. आठ-पंधरा दिवसांत येईल परत, असं म्हणता म्हणता ऋतू बदलला. आबांनी जग फिरून काढलेल्या देशोदेशीच्या पेयांच्या दुकानाची, पेयघराची, जीभ म्हणून जी बाई अडतीस वर्षं मिरवली, तिला आता गूळ आणि साबण यांतला फरक हाताने चाचपून कळत होता. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? तळघराची किल्ली तिच्या गळ्यात होती, आणि ती गळ्यात ठेवायची तर वर्षातून एकदा, दुकान उघडल्याच्या तारखेला, सगळ्यांसमोर डोळे बांधून सात पेले ओळखायचे, हा आबांचा नियम होता. एक जरी चुकला तरी किल्ली खाली ठेवायची. आणि किल्ली गेल्यावर त्या घरात आपण कोण, याचं उत्तर आत्याकडे नव्हतं. लग्न झालं नाही, मूल नाही. जे काही होतं ते खालच्या अकरा लाकडी पिंपांत होतं.

"सुरू करायचं का?" नाना म्हणाला. तो तिचा मोठा भाऊ. दुकानाचं दर्शनी सगळं तो बघे, आणि अशा दिवशी त्याचा आवाज आपोआप सभेत बोलल्यासारखा होई. "ठिणगे, तू दारातच थांब. आत यायचं काम नाही."

"दारातच आहे, बाबा," ठिणगी म्हणाली.

ठिणगी म्हणजे नानाची लेक, वय तेवीस. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून आबांनी दिलेलं नाव. दहा दिवसांपूर्वी तिने तळघरातलं तिसरं पिंप सांडलं होतं. खालचं बूच नीट बसवलं नाही, असं तिनेच सांगितलं. चाळीस वर्षांचं विरजण एका रात्रीत गटारात गेलं, आणि नानाने त्याच सकाळी तिला तळघर बंद केलं. पुढच्या एक तारखेपासून ती बर्फाच्या कारखान्यात कचेरीत बसणार होती. त्यावर तिने ब्र काढला नव्हता, आणि ज्या मुलीला साध्या भाजीच्या मिठावरून तासभर वाद घालता येतो तिचं हे गप्प बसणं आत्याला दहा दिवस टोचत होतं.

पेले भरायचं काम वहिनीचं. वहिनी म्हणजे नानाची बायको. तिचं आणि आत्याचं तीस वर्षांत कशावरही एकमत झालं नव्हतं. खिडकी उघडी असावी की बंद, इथून जी सुरुवात होती ती अजून खिडकीच्या पुढे गेली नव्हती. कपाटामागच्या छोट्या टेबलाशी तिची खुडबूड ऐकू येत होती. वहिनीच्या हातून भरलेले सात पेले, आणि आपण अशा रिकाम्या तोंडाने बसलेल्या.

पहिला पेला हातात आला. कढत.

आत्याने तो ओठांना लावला आणि थांबली. चव नाहीच. पण ओठांवर काहीतरी सरकलं, एक मऊ, जाडसर साय, आणि ती पुसली तरी जाईना. तिच्या डोळ्यांसमोर आबांचा लाकडी नळकांड्यात दांडा वरखाली करून चहा घुसळण्याचा तो प्रकार उभा राहिला. उंच डोंगरांवर, जिथे उकळतं पाणीसुद्धा धड कढत होत नाही, तिथे माणसं चहात लोणी आणि मीठ घालून दिवसाला पंचवीस-तीस पेले पितात, असं ते सांगत. तेव्हा घरातल्या सगळ्या पोरांनी नाकं मुरडली होती. आत्यानेही. आज पहिल्यांदाच तिला उमगलं, की हा चहा आधी ओठ पिऊन घेतात. थंडीने फुटलेले ओठ. त्यांना मलम लावून मग तो पोटात जातो.

"लोण्याचा चहा," ती म्हणाली.

"एक घोटसुद्धा नाही घेतला पुरता!" खलाशी ओरडला. खलाशी हा सगळ्यांत धाकटा भाऊ. बोटीवर इंजिनाशी काम करायचा आणि या तारखेला जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून घरी यायचा. "ताई, तू म्हणजे ना..."

"गप्प बस. दुसरा."

दुसरा पेला तिने तोंडाला लावलाच नाही. कानाशी नेला. गेले चार महिने ती पिंपांना कान लावूनच तर तळघर चालवत होती. काळ्या पावापासून केलेलं क्वास बुडबुडे फुटताना पेल्यात कसं बोलतं ते तिला आता पाठ होतं: बारीक, घाईघाईने, शाळा सुटल्यावर पोरं बोलतात तसं. आल्याचं पेय तसं नाही. ते दोन-दोन शब्द टाकत थांबून बोलतं. अडतीस वर्षं ती या पिंपांमधून फिरली, आणि एकदाही तिने ऐकलं नव्हतं. जिभेला इतकी घाई असते की ती बाकी कोणाला बोलूच देत नाही.

"क्वास. परवाचं."

परवाचं, हेही बरोबर होतं.

"कानाने?" नाना पुटपुटला. त्याच्या सभेच्या आवाजातली हवाच गेली. "आबांनासुद्धा कानाने नव्हतं येत."

तिसऱ्या पेल्यातलं पाणी मातीसारखं खरखरीत होतं. आत्याने घोट घेतला आणि वाट पाहिली. वीस आकडे मोजले असतील नसतील, ओठांना मुंग्या आल्या, जीभ जड झाली आणि मग कोणी हळूच पांघरूण घालावं तसं सगळं तोंड बधिर झालं. बेटांवरचं कावा. मूळ कुटून पाण्यात पिळलेलं. भांडण मिटवायला दोन गावं समोरासमोर बसली की आधी हे पितात, असं आबा सांगायचे, कारण बधिर जिभेने शिव्या देता येत नाहीत. ही पुस्ती अर्थात आबांची स्वतःची. आत्याला आतल्या आत हसू आलं. जी जीभ मेली असं धरून ती चालली होती, तीच जीभ आता बधिर होऊन सांगत होती की बाई, अजून मी आहे.

"कावा."

चौथं सालेप. रानफुलाच्या कंदाची पूड घालून दुधात शिजवलेलं. पेला तिरपा केला तरी येईना, आणि आलं ते दोरीसारखं लांबत. पाचवा बोझा. भरड धान्य आंबवलेलं, थंडगार, इतकं दाट की प्यायचं की खायचं ते पोटाने ठरवावं. दोन्ही तिने जिभेवर वजन करूनच सांगितली. खलाशी आता ओरडतही नव्हता. पाचव्यानंतर तर कोणी टाळीसुद्धा वाजवली नाही. देवळात असल्यासारखे सगळे नुसते बसून राहिले.

आणि आत्यालाही तसंच वाटत होतं. ती खोटं बोलायला म्हणून बसली होती, आणि या पाच पेल्यांनी तिला असं काही दाखवलं होतं की अंगावर काटा आला. कुठली कुठली माणसं! कोणी डोंगरावर, कोणी बेटावर, कोणी बर्फात. हाताशी काय, तर शिळा पाव, एखादं मूळ, मूठभर धान्य. तंबूच्या दाराशी घोडीच्या दुधाची कातडी पिशवी टांगायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याने ती एकदा घुसळून पुढे जायचं, असा एक देश आबांनी पाहिला होता. पाहुणा असो की शेजारी, घरात शिरताना पिशवीतला दांडा हलवणार म्हणजे हलवणार. त्या पिशवीत अख्ख्या गावाचे हात असतात, असं सांगताना आबांचा आवाज बदलायचा. लहानपणी तिला ते गोष्टीतलं वाटे. आज कळलं, ते का गहिवरत.

मग तिच्या मनात एक शंका आली. दुकानात बावीस पेयं. त्यातली निम्मी साधी, पातळ, सारख्याच अंगाची. त्यांतलं एक जरी आलं असतं तरी ती तोंडघशी पडली असती. आणि आली ती ही पाच. एक ओठांवर बसतं, एक बोलतं, एक बधिर करतं, एक लांबतं, एक जड. नेमकी जिभेवाचून ओळखता येतात तीच. हे आपोआप होत नाही. हे कोणीतरी निवडलं होतं.

पेले भरत होती वहिनी.

आत्याला आठवलं. तीन महिन्यांपूर्वी दुपारी वहिनीने तिला चहा दिला होता आणि समोर बसून ती संपेपर्यंत टक लावून बघत राहिली होती. काय झालं, असं विचारलं तर म्हणाली, काही नाही, साखर संपत आलीय. त्या चहात काय होतं ते आत्याला आत्ता, डोळ्यांवर पट्टी असताना स्वच्छ दिसलं. मीठ होतं.

तिला माहीत आहे. तीन महिने माहीत आहे, आणि तिने चकार शब्द काढलेला नाही.

"बघ, ठिणगे," नाना दाराकडे वळून म्हणाला. "याला म्हणतात तळघर सांभाळणं. कानाने ओळखते ती. आणि तुला साधं बूच लावता आलं नाही."

"हो, बाबा," ठिणगी म्हणाली. एवढंच.

"अहो, थांबा जरा. वन्संचा मफलर सैल झालाय," वहिनी म्हणाली.

मफलर सैल झाला नव्हता. वहिनी मागे आली, तिने गाठ सोडली, परत बांधली आणि बांधताना वाकून अगदी कानाशी पुटपुटली, "पुढचा पाणी. शेवटचा पाहुणा."

मग पेला हातात ठेवला.

सातांतला एक पेला साध्या पाण्याचा असायचा, हाही आबांचाच नियम. कितवा ते भरणारीलाच माहीत. जगभरच्या बंदरांत त्यांनी असे चाखणारे पाहिले होते जे काहीही पुढे केलं तरी डोळे मिटून त्यात दहा गुण सांगायचे. अशांना पकडायला पाणी. आणि खलाशाने नवीन काही आणलेलं असेल तर त्याला नाव घेऊन ओळखायचं नाही, फक्त 'पाहुणा' म्हणायचं. आता काय उरलं? सहाव्याला पाणी म्हणायचं, सातव्याला पाहुणा म्हणायचं, किल्ली गळ्यात. दोन शब्द. चहाला बोलावण्याइतके सोपे.

आत्याने पेला ओठांना लावला. थंड, पातळ, निमूट. काहीच बोलला नाही तो. वहिनीने सांगितलं नसतं तर तो पाहुणाही असू शकला असता.

दारात ठिणगी श्वास धरून उभी होती. आत्याला तो श्वास ऐकू येत होता. चार महिन्यांत कान असा तयार झाला होता की नको तेही ऐकू येई. आणि त्या धरलेल्या श्वासाबरोबर दहा दिवसांपूर्वीची संध्याकाळ परत आली. "आत्या, तीन नंबरला नखांचा रंग काढायच्या औषधासारखा वास येतोय," ठिणगी म्हणाली होती. आत्याने पिंपाला कान लावला. आत छान खळबळ चालली होती. "तुला काय कळतंय? उद्या विकायला काढ," असं तिने झिडकारून सांगितलं होतं. सकाळी पिंप रिकामं. बूच सैल राहिलं, म्हणे. सहा वर्षं त्या मुलीच्या हातचं एक बूच कधी पाझरलं नव्हतं.

हे तिला दहा दिवस माहीत होतं. माहीत नाही असं ती स्वतःलाच सांगत होती, एवढंच.

"काय गं?" नाना म्हणाला. "सहावा काय?"

आत्याने पेला खाली ठेवला.

"मला कळत नाही," ती म्हणाली.

त्या घरात हे वाक्य कोणी कधी उच्चारलं नव्हतं. खलाशाला वाटलं ती गंमत करते आहे. तो हसला आणि हसता हसता थांबला. आत्याने मफलर सोडून मांडीवर ठेवला. दुपारचं ऊन सरळ डोळ्यांत आलं. समोर वहिनी कपाटाला टेकून उभी, तोंडावर हात.

"हे पाणी आहे," आत्या म्हणाली, "पण ते मला माझ्या तोंडाने कळलेलं नाही. मला चार महिने कशाचीच चव नाही, नाना. वासही नाही. या मफलरचासुद्धा नाही."

"चार महिने?" नानाचा चेहरा पांढरा पडला. "चार महिने तू... लोक पितात ते, अगं! मुलंबाळं पितात! काही वाईट गेलं असतं तर?"

"गेलं असतं. तीन नंबर नासलं होतं. मला वास येत नव्हता म्हणून मी ते विकायला काढ म्हटलं. हिने रातोरात बूच काढून ओतून दिलं आणि आपल्या हातून सांडलं म्हणून सांगितलं." आत्याने दाराकडे बोट केलं. "माझी अब्रू राहावी म्हणून तुझ्या शिव्या खाल्ल्या तिने. बर्फाच्या कारखान्यात निघाली ती माझ्यामुळे."

नानाने लेकीकडे पाहिलं. ठिणगीने खाली मान घातली आणि दारातल्या दारात रडायला लागली, लहान मुलासारखी, नाक ओढत.

"आणि मलाही ठाऊक होतं," वहिनी एकदम म्हणाली. "उगाच वन्संनाच बोलू नका. पेले मी निवडून भरले. आणि सांगितलंही मीच, पाणी म्हणून."

"तू? तुमचं तर एकमेकींशी..." नाना दोघींकडे आळीपाळीने बघू लागला.

"आमचं आम्ही बघू. तीस वर्षं भांडतेय मी यांच्याशी. यांच्या गळ्यातली किल्ली गेल्यावर मी भांडू कोणाशी?"

खलाशाला हसू फुटलं. नानाला नाही. माणूस चिडला की त्याला काहीतरी करून दाखवावंसं वाटतं. नाना उठला, टेबलाशी गेला. "मला सांगा, एवढं काय अवघड आहे? पाणी ते पाणी!" तिथे दोन पेले होते, सहावा अर्धा आणि सातवा भरलेला. त्याने सातवा उचलला, मोठा घोट घेतला, जिभेवर फिरवला, आणि बोट वर करून म्हणाला, "हं. हे पाणी."

"नाना," खलाशी म्हणाला, "तो मी आणलेला पाहुणा आहे."

"काहीतरीच. दे इकडे दुसरा." नानाने सहाव्याचा घोट घेतला. परत सातवा. मग वहिनीने दोन्ही चाखले आणि सरळ कबूल केलं की तिला दोन्ही पाणीच वाटतं. मग खलाशाने, ज्याने ते बाटलीभर बोटीच्या शीतघरात गोठवून तीन आठवडे जिवापाड आणलं होतं, स्वतः दोन्ही घोट घेतले आणि कान खाजवत बसला.

"ठिणगे," आत्या म्हणाली. "आत ये."

ठिणगीने बापाकडे पाहिलं. नानाने मानेने नुसतं हो म्हटलं. ती आली, डोळे पुसून आत्याच्या मांडीवरचा मफलर उचलला आणि स्वतःच बांधून घेतला. बांधताना थबकली. "आजोबा," ती हळूच म्हणाली. तिला वास येत होता.

वहिनीने पेले मुद्दाम उलटसुलट केले आणि एक तिच्या हातात दिला. ठिणगीने वास घेतला, घोटभर तोंडात धरला, गिळला. "पाणी," ती म्हणाली. "आपल्या नळाचं. रात्रभर तांब्यात ठेवलेलं."

दुसरा तिने तोंडात धरून सावकाश एका गालातून दुसऱ्या गालात फिरवला.

"पाहुणा," ती शेवटी म्हणाली. "हेही पाणीच आहे, पण कशातून तरी आलेलं. झाडातून. जमिनीतून वर चढलंय. गोड आहे, पण इतकं थोडं की गोड म्हणेपर्यंत संपतं. आणि मागे लाकूड. ओलं, नुकतं सोललेलं. पान नाही यात, काका. पानं फुटायच्या आधीचं आहे हे."

खलाशी उठून उभा राहिला होता. "बर्च," तो म्हणाला. "पांढऱ्या सालीचं झाड. हिवाळा सरता सरता, पालवीच्या आधी दोन-तीन आठवडे फक्त, खोडाला भोक पाडून खाली भांडं टांगतात. तिथली माणसं सकाळी उठून झाडाचं पाणी पितात. मी हे घरी कोणाला सांगितलेलं नाही. एक शब्द नाही."

आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसावं हेही तिच्या ध्यानात नव्हतं. अडतीस वर्षांत तिने ओळखलं, बरोबर सांगितलं, किल्ली राखली. पण असं नव्हतं सांगितलं कधी. पालवीच्या आधीचं, असं तिला नसतं आलं, जीभ धडधाकट होती तेव्हासुद्धा. या पोरीकडे तिच्याहून मोठं काहीतरी होतं, आणि ते बर्फात ठेवायला निघालं होतं घर.

तिने गळ्यातली किल्ली काढली. दोरा अडतीस वर्षांचा, केसांत अडकला; वहिनीने पुढे होऊन तो सोडवला. आत्याने किल्ली ठिणगीच्या डोक्यावरून घातली. ठिणगी पट्टीखालूनच म्हणाली, "आत्या, नको गं. मला पिंपांचं ऐकू येत नाही. तू कान लावून दिवस सांगतेस, ते मला नाही येत."

"ते मी करीन," आत्या म्हणाली. "खाली तुझ्यामागून येईन. तू नको म्हणालीस तरी येईन."

"येतीलच त्या," वहिनी म्हणाली. "आणि त्या खाली गेल्या की मी खिडकी बंद करीन."

नाना खुर्चीत बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून. शेवटी तो म्हणाला, "कारखान्यात उद्या कळवतो," आणि नाक शिंकरायला बाहेर गेला.

आत्याने ठिणगीच्या डोळ्यांवरचा मफलर सोडला आणि परत आपल्या डोळ्यांवर बांधला. कोणालाच काही दाखवायचं नव्हतं आता. तिला नीट ऐकायचं होतं. चाचपडत तिने रिकामा पेला उचलला आणि पुढे केला.

"ओत त्या झाडाचं," ती म्हणाली. "आणि सांग. अगदी पहिल्यापासून सांग. मी पिते."